ताईच्या घराखालची भेग

हॉस्पिटलच्या एक्स-रे खोलीत उभं आयुष्य काढलेल्या बाईला निवृत्तीनंतर समुद्राच्या कड्यांवर गस्त घालायची हौस कुठून आली, हे तिच्या भाऊजींना शेवटपर्यंत कळलं नाही. "अगं, माणसं रिटायर झाली की दुपारची झोपतात," ते म्हणायचे. "तू एकटीच अशी, डोंगराची तब्येत बघत हिंडतेस."

गावात या गस्तवाल्यांना 'कडेवाले' म्हणत. दहा-बारा बिनपगारी माणसं. गावाच्या उत्तरेला किनारा असा तुटलाय, जणू कुणी रागाच्या भरात पाव तोडून टाकावा. खाली काळे खडक, वर गवत, मधे उभा कडा, आणि काठाकाठानं जाणारी पायवाट. सरकारी खात्याकडे माणसं नव्हती, म्हणून प्रत्येकाला किनाऱ्याचा एकेक तुकडा वाटून दिलेला. तिथं फिरायचं, भरतीत कुणी खडकावर अडकलंय का ते दुर्बिणीतून पाहायचं, सुटलेला दगड, नवी भेग, मोडलेलं कुंपण दिसलं की कप्तानांना कळवायचं. कप्तान म्हणजे गटाचे प्रमुख. पूर्वी बंदरात जहाजं आत आणायचं काम करायचे. कानानं अधू, आवाज मात्र भोंग्यासारखा.

घरात तिला सगळे 'धाकटी' म्हणत, आणि केस पांढरे झाले तरी ते नाव काही सुटलं नव्हतं. एक्स-रेची फिल्म उजेडासमोर धरली की मोडलेलं हाड तिला डॉक्टरांच्या आधी दिसायचं. पण बोलायची मुभा नव्हती. "काय दिसतंय हो बाई?" पेशंट काकुळतीला येऊन विचारायचा, आणि ती ठरलेलं वाक्य म्हणायची, "डॉक्टर सांगतील." आधी आधी हे म्हणताना तिचा जीव तुटायचा. मग सवय झाली. मग तर त्या वाक्याचा तिला आधारच वाटायला लागला. वाईट बातमी आपल्या तोंडून जात नाही, हे काही थोडंथोडकं सुख नाही.

तिच्या तुकड्याच्या टोकाला तिच्या थोरल्या बहिणीचं लॉज होतं. आठ खोल्या, खाली स्वयंपाकघर, आणि मागच्या बाजूला समुद्रावर झेपावलेला व्हरांडा. त्या व्हरांड्यासाठीच पाहुणे लांबून यायचे. आई गेली तेव्हा धाकटी शाळेत होती. ताईचं नुकतंच लग्न झालेलं. नव्या संसारात तिनं बहिणीला आणून ठेवलं, माडीवरची सगळ्यात उजेडाची खोली दिली, आणि भाऊजींनी कधी 'हे काय' म्हणून विचारलं नाही. पुढे धाकटीनं लग्न केलं नाही, गावात दोन खोल्या घेतल्या, पण तिचं अर्धं घर ताईकडेच होतं.

भेग तिला ओहोटीच्या वेळी खालून दिसली. कड्याच्या पोटात, झुडपाच्या आड. आधी बोट जाईल एवढी. तिनं दोन्ही अंगांना खिळे ठोकले आणि त्यांच्यामधलं अंतर स्टीलच्या टेपनं मोजून ठेवलं. पुढच्या फेरीला अंतर वाढलेलं. त्याच्या पुढच्या फेरीला तिचा अख्खा हात आत गेला, आणि आतून थंड हवा लागली. तिनं मान वर केली. बरोबर डोक्यावर ताईच्या व्हरांड्याचा कठडा होता, आणि कठड्यावर पाहुण्यांचे टॉवेल वाळत होते.

ती तडक कप्तानांकडे गेली. "हाड सरकलंय," ती म्हणाली.

"नक्की?"

"माझे डोळे अजून शाबूत आहेत."

कप्तानांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "हे खात्याला आजच कळवायला लागणार. ताईंना सांगितलंत?"

धाकटीनं टेप पिशवीत टाकली. "खातं सांगेल ना," ती म्हणाली.

तिथून ती ताईकडेच गेली. जायचं ठरवलं नव्हतं, पाय वळले. ताई चादरींच्या घड्या घालत होती. एका पाहुण्याच्या मुलानं भिंतीवर पेननं घोडा काढला होता, तो घोडा आहे की कुत्रा यावर भाऊजींचं आणि तिचं वाजलं होतं. धाकटी हसली. तिनं चहा घेतला, अजून अर्धा कप मागून घेतला. शब्द ओठापर्यंत आले होते. पण सांगायचं म्हणजे ताईचा चेहरा पडताना बघायचा, आणि तो बघायची तिची हिंमत नव्हती. घोडाच आहे, असा निकाल देऊन ती घरी आली.

खात्याची जीप त्याच आठवड्यात आली. इंजिनिअर अदबीनं बोलणारा होता, पण अदबीनं बोलला म्हणून काय झालं? घर रिकामं करा, आजच करा. पाहुणे बॅगा घेऊन रस्त्यावर उभे राहिले. भाऊजी आधी ओरडले, मग हात जोडले, मग पायरीवरच बसले. दाराला सील लागलं. सांत्वन करावं म्हणून इंजिनिअर ताईला म्हणाला, "नशीब समजा, तुमच्या बहिणीच्या लक्षात आलं. मंगळवारीच कळवलं त्यांनी."

ताई वळली. धाकटी तिथंच होती, सामान बाहेर काढायला आली होती. तिच्या हातात उशा होत्या.

"मंगळवारी तू माझ्याकडे होतीस," ताई म्हणाली.

"ताई, मी सांगणारच..."

"दुसरा कप मागून घेतलास."

ताईनं उशा तिच्या हातातून घेतल्या आणि टेम्पोत टाकल्या.

आता जायचं कुठं? ताईचा मुलगा दूरच्या शहरात, त्याचं घर म्हणजे काडेपेटी. भाड्यानं जागा बघायला वेळ नाही. शेवटी टेम्पो धाकटीच्याच दाराशी लागला. चपला दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावरच्या त्या दोन खोल्यांत आठ खोल्यांचा संसार घुसवला गेला. पलंगाखाली पातेली, पातेल्यांत चादरी, बाथरूममध्ये लॉजची पाटी. धाकटी स्वयंपाकघरात अंथरूण टाकायची. ताई तिच्याशी बोलायची, नाही असं नाही. "मीठ संपलंय." "नळ आलाय." घरमालकिणीशी बोलावं तसं, मोजून-मापून.

भाऊजींनी मात्र थट्टेचा मार्ग धरला. धाकटी गस्तीवरून आली, की ती चपला काढायच्या आत आतून आवाज यायचा, "काय गं, पडला का?"

"नाही भाऊजी."

"बघ हं. नाहीतर आपण पडू आधी."

पहिल्यांदा दोघंही हसले होते. पुढे पुढे तो प्रश्न ऐकला की ती तडक मोरीत पाय धुवायला जायची.

गावही फिरलं. लॉजबरोबर काठाची पायवाट बंद झाली होती, आणि पायवाटेबरोबर पाहुणेही. रस्त्यानं जाताना न्हावी दुकानातून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "आल्या कडा पाडणाऱ्या बाई!" दुधाच्या दुकानात तिचा नंबर आला की दुकानदाराला नेमका फोन यायचा. कडेवाल्यांतले दोघं-चौघं गुडघ्यांची कारणं सांगून गळाले. आणि कडा? कडा ढिम्म. पावसाळा आला, वादळी लाटा छाताडावर आपटून गेल्या, पावसाळा सरला. खिळ्यांमधलं अंतर जिथल्या तिथं. धाकटी टेप लावायची, चष्मा पुसायची, पुन्हा लावायची. फरक शून्य. तीही तेच कळवायची, प्रामाणिकपणे, दात-ओठ खात.

मग खात्यातून कुणकुण लागली की भेग थांबलेली दिसतेय, नव्यानं पाहणी करायला हरकत नाही. भाऊजींच्या अंगात वारं शिरलं. त्यांनी बाथरूममधली पाटी बाहेर काढली आणि गॅलरीत बसून तिला नवा रंग द्यायला घेतला. ताईनं चादरी धुवायला काढल्या. त्या दिवशी ती चक्क धाकटीला म्हणाली, "पडद्यांचा रंग कुठला घेऊ?" इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिनं काही विचारलं होतं.

धाकटीला आनंद व्हायला हवा होता. तशी ती हसलीही. पण दुसऱ्या दिवशी कड्याखाली उभी असताना तिच्या मनात आलं ते वेगळंच. हे लॉज उघडलं, की आपण जन्मभराच्या मूर्ख ठरणार. उगाच एका घराला देशोधडीला लावणारी बाई. न्हावी म्हातारा होईल तरी म्हणायचा थांबणार नाही. तिनं भेगेच्या काठावर तळहात टेकवला. आजूबाजूला कुणी नव्हतं. "पड की रे मेल्या एकदाचा," ती म्हणाली. आणि मग स्वतःच दचकून मागे सरली.

कडा पडला तो दिवस अगदी साधा होता. ऊन होतं, वारा नव्हता, समुद्र तळ्यासारखा. दोघी बहिणी स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसल्या होत्या, भाऊजी खाली चपलावाल्याशी गप्पा मारत होते. लांबून खडीचा ट्रक रिकामा करावा तसा आवाज आला आणि बराच वेळ येत राहिला. थोड्या वेळानं जिन्यात धापा टाकल्याचा आवाज, आणि दारात कप्तान.

"गेला!" ते ओरडले. "व्हरांडा, मागच्या खोल्या, सगळं खाली!"

"कोणी होतं?" ताई कशीबशी म्हणाली.

"कुणी नाही. चिटपाखरू नव्हतं."

"मी सांगितलं होतं!" धाकटी म्हणाली. तिनं टाळी वाजवली. शेंगांचं ताट मांडीवरून सांडलं. तिच्या चेहऱ्यावर हसू फुटलं होतं, मोठं, लहान मुलीसारखं, आवरता न येणारं. ते आवरायला जेवढा वेळ लागला, तेवढा वेळ ताई तिच्याकडे बघत होती.

सगळं गाव तिकडे लोटलं. घर मधोमध चिरल्यासारखं उभं होतं. माडीवरच्या खोलीचे निळे पडदे उघड्या आभाळात हलत होते, एक पलंग दोन पायांवर लटकला होता. लोक धाकटीभोवती जमले. न्हाव्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "बाई, तुम्ही नसता तर आठ खोल्यांतली माणसं गेली असती हो." दूधवाल्यानं तिचे हात धरले. इंजिनिअरनं तिच्यासोबत फोटो काढून घेतला. भाऊजी बराच वेळ त्या पडद्यांकडे बघत राहिले. मग तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "वाचवलंस गं पोरी आम्हाला." आणि रडले. एवढ्या महिन्यांत न रडलेला माणूस.

ताई गर्दीच्या मागे उभी होती.

संध्याकाळी ती बॅग भरायला बसली. मुलाला फोन झाला होता. काडेपेटीत का होईना, जागा होती.

"ताई, असं का करतेस?" धाकटी म्हणाली. "मी खोटं नव्हते बोलले ना? पडलाच ना?"

"पडला. तुझं बरोबर होतं. मी कुठं नाही म्हणते?" ताईनं चादरीची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "जीव वाचला आमचा, तेही मानते. पण माझं घर समुद्रात गेलं, आणि तू टाळी वाजवलीस."

"तशी नव्हती गं ती..."

"मग कशी होती?"

 टाळी तशीच होती.

"त्या मंगळवारचं मी गिळलं असतं," ताई म्हणाली. "घाबरली असेल, म्हटलं. लहानपणापासून भित्रीच तू. पण तू वाट बघत होतीस. भिंतीपलीकडे झोपून, माझ्या हातचं खाऊन."

भाऊजी दारात उभे होते. त्यांनी दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं, एखादी थट्टा सुचते का म्हणून, पण सुचली नाही.

सकाळी टेम्पो आला. पलंगाखालची पातेली निघाली, चादरी निघाल्या. भाऊजी दोनदा परत वर आले, एकदा छत्री विसरली म्हणून, एकदा उगाच. ताई जिन्याच्या पायरीवर थांबली. धाकटीला वाटलं, आता ती काहीतरी बोलेल, निदान शिव्या तरी देईल.

"दूध तापवून ठेवलंय," ताई म्हणाली आणि उतरून गेली.

पुढे खात्यानं धाकटीला प्रमाणपत्र दिलं, कप्तानांनी तिला दुसरा, अधिक अवघड तुकडा दिला. कडेवाल्यांत नवी माणसं आली, गुडघेवालेही परतले. शाळेत तिला भाषणाला बोलावलं. तिनं भेग, खिळे, टेप सगळं नीट समजावून सांगितलं. प्रश्न विचारा म्हटल्यावर पुढच्या बाकावरची एक मुलगी उठली.

"मग तुमच्या ताईला किती बरं वाटलं असेल ना?"

"हो," धाकटी म्हणाली. "खूप."