दोन जुन्यांच्या बदल्यात

मी एक तबकडी. काळी, गोल, मधोमध भोक. आवाज करणं हाच माझा धंदा, पण आजवर जे बोलले ते सगळं दुसऱ्याचं. सुई टेकवली की बोलायचं, उचलली की गप्प. आज कुणी सुई टेकवलेली नाही, आज माझं मी बोलतेय. काही गोड ऐकायला मिळेल या आशेनं बसला असाल तर आत्ताच उठा, नंतर मला बोल लावू नका.

माझं अंग लाखेचं. रानात पळसाच्या, बोरीच्या फांद्यांवर किडे लाख धरतात, बायकांच्या बांगड्या होतात तीच. कलकत्त्याकडच्या एका कारखान्यात ती वितळवली, तीत दगडाची भुकटी आणि काजळी मिसळली आणि तापलेल्या साच्यात दाबून मला काढलं. तेव्हा मोठी लढाई चालू होती. लाख लष्कराकडे जायची, म्हणून माझ्यात निम्म्याहून जास्त जुन्या तबकड्यांचा चुरा घातला होता. कुणाची आरती, कुणाची लावणी, कुणाचं नाटकातलं पद, सगळं दळून एक केलेलं. त्या चुऱ्यावर सातासमुद्रापलीकडच्या काळ्या माणसांचा बाजा उठवला. एक पितळी कर्णा, एक क्लॅरिओनेट, मागं ढोल, आणि सगळे एकमेकांचं बोलणं तोडून बोलणारे, तरी भांडण नाही. जाझ म्हणतात त्याला. मला त्याचा गर्व होता. खोटं कशाला बोलू, अजून थोडा आहे.

निजामाच्या मुलखात यायचं म्हणजे करोडगिरीचा नाका आलाच. सोलापुराहून बैलगाडीत, कडब्याच्या पेंढ्यांत लपून मी आले. नाक्यावरच्या शिपायानं जकातीचा माल शोधायला पेंढ्यांत काठी खुपसली, ती माझ्यापासून चार बोटांवरून गेली. अणदूरला बैल सोडले आणि दुसऱ्या दिवशी मी मुरुमच्या पेठेत दस्तगीरसाबच्या दुकानात उतरले. साल त्रेचाळीस.

तसं दुकान मी पुन्हा पाहिलं नाही. पुढं घड्याळं दुरुस्त करायचं मेज, मागं तबकड्यांची फळी आणि मधे एक लांब बाक. दस्तगीरसाबचा एक डोळा सदा भिंगात, पण दोन्ही कान बाकाकडे. ऐकल्याशिवाय विकायची नाही, हा त्यांचा नियम. बाकावर बसा, चहा घ्या, तबकडी पुरी ऐका, मग बोला. नुसतं ऐकून उठून जाणारेच जास्त. कधी कधी गिऱ्हाईक घ्यायला तयार आणि हेच म्हणायचे, "ही तुमची न्हाय. आठ दिवसांत कंटाळताल. ती वरची ऐका." असला माणूस धंदा काय करणार? पण बाजारच्या दिवशी त्या बाकावर टेकायला जागा मिळायची नाही.

मला मागवलं होतं भीमाशंकरअप्पांनी. पेठेत त्यांची तूर-करडईची आडत. घरी साठ तबकड्या, प्रत्येकीला वेगळं फडकं. एकदा मालाच्या कामानं ते सिकंदराबादला गेले आणि गोऱ्या सोल्जरांच्या क्लबाबाहेर संध्याकाळभर कुंपणाला धरून उभे राहिले. आत मी वाजत होते, म्हणजे माझी कुणी थोरली बहीण. परत आल्यावर त्यांनी दस्तगीरसाबला ती चाल तोंडानं वाजवून दाखवली. "असं न्हाय बरं का, शेवटाला वाकडं जातंय, आन मग एकदम सरळ." दस्तगीरसाबनं तेवढ्यावर दीड वर्ष शोध घेतला. सोलापूरच्या ओळखीच्या दुकानांत जाऊन तेही तोंडानंच वाजवून दाखवायचे. मी बाकासमोर पहिल्यांदा वाजले तेव्हा अप्पांनी डोळे मिटले, आणि ते उघडल्यावर चक्क ओले होते. माझ्यासाठी कुणी रडलेलं ते पहिलं आणि शेवटचं.

पण लढाईपायी कंपनीनं एक फर्मान काढलं होतं. दोन जुन्या तबकड्या परत द्याल तर एक नवी मिळेल. जुन्या फोडायच्या आणि पोत्यात भरून वितळवायला पाठवायच्या.

अप्पा दुसऱ्या दिवशी दोन घेऊन आले. एक विनोदी नकलांची, तडकलेली. दुसरी कानडी.

दस्तगीरसाबची एक रीत होती. फोडायच्या आधी प्रत्येक तबकडी एकदा पुरी वाजवायची. "मरणाऱ्याच्या तोंडात पाणी घालत्यात ना, तसं," ते म्हणायचे. त्यांनी ती कानडी तबकडी लावली. मी शेजारीच वेष्टणात पडले होते. एका बाईचा आवाज, जाडसर, शिकवलेला नसावा. मठात म्हणायचं भजन होतं. तिसऱ्या कडव्यानंतर ती बाई खोकली. लहानसा खोकला, पदर तोंडावर धरून दाबलेला, आणि मग जणू काही झालंच नाही अशी पुढं गायली.

"ही कुणाची, अप्पा?" दस्तगीरसाबनं भिंग काढून विचारलं.

"सासूची. गंगम्माची. हैदराबादेत कंपनीची मानसं आलती तवा गायली व्हती. वारून दोन वर्सं झाली."

"आन ती फोडायची? घरात साठ हायत की तुमच्या."

"त्या समद्या निवडून घेतलेल्या हायत. हिच्यात खोकला हाय. आन घरात कोण लावत बी न्हाय, वर्साकाठी एकदा."

"विचार करा, अप्पा."

"केलाय."

दस्तगीरसाबनं गुडघ्यावर ठेवून ती फोडली. एका घावात फुटली नाही, तीनदा मारावी लागली. मग अप्पांनी मला कडेनं उचललं, छातीशी धरलं आणि आम्ही घरी गेलो.

घरच्या पेटीतल्या तबकड्यांनी पुढं मला सगळं सांगितलं. सांगितलं म्हणजे सुनावलं. अप्पांची बायको महादेवी, तिला अप्पांनीच लग्नानंतर शिकवलं होतं की तबकडी कडेनं धरावी आणि जितकी वाजवावी तितकी ती झिजते. बाईनं ते मनावर घेतलं. आईची एकच तबकडी, ती रोज लावली तर आईचा आवाज घासून जाईल, म्हणून ती वर्षातून एकदाच लावायची, भाद्रपदात, पुण्यतिथीला. बाकी दिवस नुसता हात फिरवायची, तोही वेष्टणावरून. साठ तबकड्यांचा धनी असलेल्या माणसाला हे कळू नये! बायको वाजवत नाही म्हणजे तिला नकोय, असा त्यानं हिशोब केला. वस्तू जमवणाऱ्या माणसांना डोळे असतात, पण ते वस्तूपुरतेच.

अप्पांनी ग्रामोफोनला चावी दिली आणि हाक मारली, "अगं, ये की. ऐक तर."

महादेवी पिठाच्या हातानं उंबऱ्यात येऊन उभी राहिली. मी जीव लावून वाजले. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "बरं हाय की. पन दोन जुन्या दिल्याबिगर नवी देत न्हाईत म्हनं?"

"दिल्या की. एक ती तडकलेली."

"आन?"

अप्पा सुई पुसायला लागले. "दुसरी ती अव्वाची, तुझ्या आईची. तू कुठं लावतीस? आन तिच्यात खोकला बी व्हता."

ती पुढं आली आणि फिरत्या यंत्रावरून तिनं मला पंजानं उचललं. अप्पा म्हणाले, "अगं कडेनं धर, बोटं उमटत्यात!" नवऱ्याचं हे वाक्य मी आजही विसरू शकत नाही, तर ती कशी विसरेल?

मला पदराखाली घेऊन ती अनवाणी पेठेतून निघाली. वाटेत तिची पाटली माझ्यावर घासली आणि एक ओरखडा पडला. त्या दुकानात बाईमाणूस कधी आलं नव्हतं. बाकावरचे सगळे पुरुष उठून उभे राहिले.

"ही घ्या," ती दस्तगीरसाबना म्हणाली. "माझी द्या."

त्यांनी कोपऱ्यातलं पोतं ओढलं आणि दुकानाच्या मधोमध ओतलं. काळ्या तुकड्यांचा ढीग पडला. महादेवी खाली बसली आणि एकेक उचलून बघू लागली. कागदी चकतीवरच्या कानडी अक्षरांवरून तिनं दोन ओळखले, मग त्यांना जुळणारे शोधले. सात तुकडे मिळाले, एक मिळालाच नाही. दस्तगीरसाब तिच्यासमोर जमिनीवर बसून शोधत होते.

"अक्का, फोडायच्या आधी म्या वाजवली व्हती. पुरी."

"खोकला आला?"

"आला."

"तेवढाच तिचा व्हता," महादेवी म्हणाली. "गानं मठातल्या समद्या बाया म्हनत्यात."

दस्तगीरसाबनं तोंड फिरवलं. मग त्यांनी माझ्याकडं हात केला. "ही ठिवून जावा. म्या अप्पांना सांगतो."

"नगं. ही घरी नेते. ह्यांना लई आवडती."

ते तुकडे घेऊन ती लाखेच्या बांगड्या करणाऱ्याकडेही गेली. त्यानं ते उन्हात धरून पाहिले आणि खरं ते सांगितलं, "लाख जुळंल, अक्का. ह्या बारीक रेघा कशा जुळवू?" मग तिनं ते तुकडे पांढऱ्या फडक्यात बांधले आणि पेटीत माझ्या शेजारी ठेवले. तेव्हापासून आम्ही एका पेटीत आहोत. ते तुकडे बोलत नाहीत, आणि मी काय बोलू?

भाद्रपद आला. गंगम्माची पुण्यतिथी. गव्हाची हुग्गी झाली, जंगमस्वामी जेवून गेले. महादेवीनं ग्रामोफोन पुसून आईच्या नावानं वाढलेल्या पानासमोर ठेवला आणि नवऱ्याला म्हणाली, "लावा."

"काय लावू?"

"तिच्या जागी जी आनली ती."

अप्पांनी तिच्याकडं पाहिलं, पानाकडं पाहिलं. "आजच्या दिवशी हे नको, महादेवी. नाचायचा बाजा हाय हा."

"लावा."

आणि मी वाजले. मेलेल्या माणसाच्या पानासमोर तो कर्णा, तो ढोल, ती सगळी मस्ती. गप्प व्हावंसं वाटलं, पण सुई टेकवल्यावर तबकडीला गप्प बसता येत नाही. ती दोघं समोरासमोर बसली होती. महादेवीनं नजर नवऱ्यावरून हलवली नाही. संपल्यावर तिनं स्वतः मला उचललं, कडेनं, अगदी त्यांनी शिकवलं तसं. फडक्यानं पुसलं, वेष्टणात घातलं, पेटीला कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली.

चार दिवसांनी अप्पा हळूच म्हणाले, "एकदा ऐकू का?"

"झिजंल," ती म्हणाली. "तुमीच सांगितलं व्हतं. म्या हाय तवर पुराया पायजे."

तेव्हापासून दर भाद्रपदात हेच चाललंय. बाकी तीनशे चौसष्ट दिवस घर अगदी रीतसर. ती वाढते, ते जेवतात, पाहुण्यांशी दोघं हसून बोलतात. पेठेतल्या बाया म्हणतात, महादेवीसारखी सोशिक कुणी नाही. अप्पांनी त्यानंतर एकही तबकडी घेतली नाही. साठांपैकी एकही त्यांना लावता येत नाही, कारण किल्ली तिच्याकडं, आणि ती मागायला तोंड नाही.

सत्तेचाळीसला रझाकारांची दहशत होती. अप्पा म्हणाले, "आवाज बाहेर जाईल." ती म्हणाली, "दार लावा." अठ्ठेचाळीसला हिंदुस्थानच्या फौजा उमरग्याच्या रस्त्यानं गेल्या आणि निजामाचं राज्य चार-पाच दिवसांत बुडालं. त्या गडबडीत दस्तगीरसाब बायकामुलं घेऊन निघून गेले. दुकानाच्या फळ्या लागल्या त्या लागल्याच. बाक कुणीतरी सरपणाला नेला. ज्यांनी त्यावर बसून वर्षानुवर्षं फुकट चहा प्यायला, त्यांतल्या एकानंही विचारलं नाही की म्हातारा जिवंत आहे का. त्या वर्षीही पुण्यतिथी चुकली नाही. राज्य बदललं, या घरातलं काही बदललं नाही.

आता एकोणपन्नास. मी वाजलेली सातवी पुण्यतिथी झाली. अप्पांचे केस पिकले. ज्या बाजासाठी ते कुंपणाला धरून उभे होते, तो सुरू झाला की आता ते मान खाली घालतात. महादेवीचंही काही सुटलेलं नाही. पाटलीचा ओरखडा आहे ना माझ्यावर, तिथं सुई आली की 'खट्' वाजतं, आणि तेवढ्यापुरते ती डोळे मिटते. त्या जागी, मला वाटतं, आपण खोकावं. एकदाच, पदर तोंडावर धरल्यासारखं. माझ्या पोटात इतक्या जणींचा चुरा आहे, कुणास ठाऊक त्यांत कितींची आई असेल. पण तबकडीला जे कोरलंय तेवढंच बोलता येतं.

आणि वर्षातून एकदा वाजणारी तबकडी माणसापेक्षा जास्त जगते. मी या दोघांनाही पुरेन. मला त्याचीच भीती वाटते.

तेव्हा हे ऐकणाऱ्या, कधी त्या घरी गेलास आणि पेटी उघडी दिसली, तर माझ्यावर एवढा उपकार कर. मला गुडघ्यावर ठेव आणि फोड. एका घावात नाही फुटले तर तीनदा मार. तुकडे त्या पांढऱ्या फडक्यातल्या तुकड्यांत मिसळ, म्हणजे कुठला कुणाचा ते कुणाला निवडता येणार नाही. फक्त दस्तगीरसाबची ती रीत पाळू नकोस. फोडायच्या आधी मला वाजवू नकोस.