भोपळ्याच्या पानाखालची माती

त्या पत्राला आबुंदियोनं उत्तर दिलं नव्हतं, आणि ही गोष्ट त्याला रोज सकाळी कॉफी गाळताना आठवायची.

पत्र मार्चात आलं होतं. गावच्या जमीन समितीनं पाठवलेलं. समितीची कचेरी त्याच्या दारापासून दहा घरांवर, पण पत्र मात्र रीतसर तिकीट लावून, तालुक्याचा शिक्का खाऊन, सगळ्या डोंगराला वळसा घालून आलं होतं. 'आपल्या घरामागचं परडं दोन पेरण्या पडीक आहे. तिसरीही पडीक गेल्यास गावसभा ते दुसऱ्याला नेमून देईल. म्हणणं असल्यास लेखी कळवावं.' खाली समितीच्या अध्यक्षाची, रुतिलोची सही. गावात जमीन एकट्यादुकट्याची नव्हतीच. जो कसेल त्याच्याकडे ती राहायची, न कसली की सभेकडे परत.

आबुंदियोनं चाळीस वर्षं शाळेतलं पुस्तकांचं कपाट सांभाळलं होतं. शिकवलं कधी नाही, तरी गाव त्याला मास्तर म्हणायचं. उत्तराचे त्यानं नऊ मसुदे केले. प्रत्येकाची सुरुवात 'माझ्या अल्पमतीप्रमाणे' अशी, आणि प्रत्येक तिथंच अडकलेला. लिहिणार तरी काय? परडं खरंच पडीक होतं. ते कसायची त्याची थोरली बहीण क्रिस्पिना. दोन वर्षांपूर्वी ती पायरीवरून पडली, खुबा मोडला, आणि तेव्हापासून तिची खाट परड्याकडच्या खिडकीशी होती.

"लिवून काय व्हतंय?" पत्र ऐकून ती म्हणाली होती. "परडं दिसत न्हाई व्हय त्यांस्नी? पेर. पेरलं की झालं उत्तर."

"मला पेरता येत नाही, ताई."

"मला तरी कुटं चालता येतंय? म्या बोलते, तू वाक."

चुलीवरच्या आढ्याला धुरात तीन तुंबे टांगलेले होते. एकात पांढरा मका, एकात काळा घेवडा, एकात भोपळ्याच्या बिया. आईच्या हातचं बी, दरसाल परड्यात जाऊन परत तुंब्यात येणारं. आता ते तिसऱ्या वर्षात होतं. "यंदा मातीत गेलं न्हाई तर त्येचं बी ऱ्हाणार न्हाई," क्रिस्पिना म्हणाली. "निस्तं खायाचं दाणं ऱ्हातील."

मे महिन्यात पहिले पाऊस झाले, तेव्हा आबुंदियोनं आपल्या स्वभावाप्रमाणे शेतीचं एक पुस्तक काढलं. त्यात सुबक आकृती होती. दुपारी क्रिस्पिनाला औषधानं झोप लागली होती. तेवढ्यात त्यानं घराजवळच्या पट्ट्यात दोऱ्या ताणल्या, फूटपट्टीनं अंतरं मोजली आणि संध्याकाळपर्यंत तीन वाफे पेरून मोकळा झाला. कंबर धरली होती, तरी आत खोल कुठेतरी त्याला बरं वाटत होतं. आयुष्यात प्रथमच त्यानं न विचारता काही केलं होतं.

क्रिस्पिना उठून कोपरावर टेकली. "ह्ये काय केलंस, बुंदो?"

"पेरलं. मका इकडे, घेवडा तिकडे, भोपळा कुंपणाकडे. गोंधळ नको म्हणून."

तिनं तिन्ही वाफ्यांवरून नजर फिरवली. मग म्हणाली, "तुज्या शाळंत पोरी येगळ्या बाकावर बसवायचे, तसं केलंस की रं. आता घेवडा चढंल कशावर? तुज्या पाटीवर?"

"काठ्या लावू."

"मका हीच काठी हाय. देवानं दाणं लावून दिल्याली."

आबुंदियो मातीनं भरलेल्या बोटांकडे बघत उभा राहिला. शेवटचं बी गेलं होतं, आणि तेही चुकीच्या जागी. त्याला वाटलं, पत्राला उत्तर न दिलं तेच बरं झालं. रुतिलोचं म्हणणं खरं होतं. या घरात आता जमीन कसणारं कुणी नव्हतं.

"तोंड नगं पाडूस." क्रिस्पिनानं उशाखाली हात घातला आणि एक फडक्याची पुरचुंडी बाहेर काढली. "तू पेरणार म्हटल्यावर शेजारच्या पोराकडनं तुंबं उतरवून निम्मं बी म्या आदीच काडून ठिवलं होतं."

आबुंदियोला राग यायला हवा होता. तो पायरीवर बसला आणि हसत सुटला.

दुसऱ्या दिवशी परड्याच्या वरच्या अंगाला पेरणी झाली. टोकदार काठीनं खड्डा करायचा, चार दाणे मक्याचे, दोन घेवड्याचे, एका आड एका खड्ड्यात भोपळ्याची बी, आणि पायानं माती ओढायची. खिडकीतून हुकूम सुटत होते.

"घोट्याएवडं खोल. तुजा घोटा, बकरीचा न्हाई."

"एवढं पुरे?"

"काटी उपटून घोट्याला लावून बघ की. दाणं खोल जायाला लाजत न्हाईत, तूच लाजतोस."

जुलैपर्यंत मका छातीला लागला. घेवडा त्याच्या अंगाला वेढे घालत वर गेला, आणि खाली भोपळ्यानं अशी पानं पसरली की जमीन दिसेना. मधूनच माठ आणि चाकवत उगवला. आबुंदियो उपटायला गेला तर क्रिस्पिना ओरडली, "हात लावू नगंस, ती भाजी हाय." खालच्या पट्ट्यातले सरळ रेषेतले घेवडे मात्र जमिनीवर लोळले आणि शेजारच्या कोंबड्यांच्या पोटात गेले.

परड्याच्या वर, चढावर, रुतिलोच्या पुतण्याचं रान होतं. पुतण्याचं नाव वेन्सेस. पाठीवर औषधाचा पंप घेऊन तो सगळं तण जाळून टाकायचा. त्याच्या रानात नुसता मका. आखूड, एकसारखा, आणि खाली झाडलेल्या अंगणासारखी तांबडी माती. पत्रातला 'दुसरा' म्हणजे कोण, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

"मास्तर," तो एकदा कुंपणावरून म्हणाला, "आत शिरल्यावर भाईर यायची वाट घावती का? का कमरंला दोरी बांदून जाताय?"

चांगलं उत्तर सुचायला आबुंदियोला दोन दिवस लागत. पण खिडकी गप्प बसणारी नव्हती.

"वेन्सेस, तुज्या टकलावानी रान ठिवलंयस की रं," क्रिस्पिना म्हणाली. "हिरवं काय उगवायचंच न्हाई त्येच्यावर."

वेन्सेसनं टोपी पुढे ओढली आणि पंप मारत निघून गेला.

ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी समिती पाहणीला येणार होती. शुक्रवारी दुपारी आभाळ फाटलं. दोन तास पाऊस असा कोसळला की अंगणातून समोरचं घर दिसेना. क्रिस्पिना खिडकीला नाक लावून बसली होती. मका वाकत होता, घेवड्याच्या वेढ्यांनी एकमेकांना बांधलेला, सगळा मिळून एका बाजूला जाई आणि सगळा मिळून परत येई.

"पडंल का, ताई?"

"तू नगं पडूस म्हंजी झालं. उद्या लोक येणार हाईत."

सकाळी रुतिलो आला. बरोबर मोजणीची दोरी, चार खुंट्या आणि समितीतले सगळ्यांत म्हातारे इलारियोकाका. मागून वेन्सेसही आला, बोलावलेलं नसताना. रुतिलोनं परड्याच्या कडेला उभं राहून मान हलवली.

"मास्तर, मला वाईट वाटतंय. पण ह्ये काय कसल्यालं रान न्हाई. समदं माजलंय. ना वळ, ना सरी. सभंनं नेम केलाय, रान साप पायजे."

"सापडंल की साप," वेन्सेस म्हणाला. "एक न्हाई, धा."

दोघं हसले. रुतिलोनं दोरीचं एक टोक वेन्सेसच्या हातात दिलं. आबुंदियोच्या मनात दहावा मसुदा सुरू झाला, माझ्या अल्पमतीप्रमाणे, आणि तो तिथंच थांबला, कारण त्याची नजर वेन्सेसच्या बुटांवर गेली. बूट तांबड्या चिखलानं माखले होते. आबुंदियोच्या परड्यातली माती काळी होती.

तो वरच्या कुंपणाकडे चालू लागला. वेलांत गुडघ्यापर्यंत शिरला, वाकला आणि भोपळ्याचं एक मोठं पान उचललं.

"रुतिलो, इकडे ये."

आवाज त्याचाच होता. खिडकीतली क्रिस्पिनासुद्धा दचकली.

रुतिलो आला. पानाखाली, वेलांच्या जाळ्यात, हातभर तांबडी माती साचली होती. ओली, गाळलेल्या पिठासारखी. आबुंदियोनं पुढचं पान उचललं. तिथंही तीच. त्याच्या पुढंही. मग त्यानं वर बोट दाखवलं. वेन्सेसच्या रानात मक्याची मुळं उघडी पडली होती, आणि अर्ध्या ओळी गुडघे टेकल्यासारख्या आडव्या झाल्या होत्या.

"ही माती वेन्सेसची," आबुंदियो म्हणाला. "काल दुपारी कुंपणाखालून आली. वेलांनी धरली, नाहीतर आज तुझ्या कचेरीच्या पायऱ्यांवर असती. आता पडीक रान कुठलं ते तूच सांग. आणि माती परत हवी असेल तर तसं लेखी कळव."

आधी इलारियोकाका हसले. मग ते आत शिरले, मक्याच्या एका ताटाला त्यांनी खांदा लावून पाहिला, ते हललं नाही. "माज्या आयचं रान असंच दिसायचं," ते म्हणाले. "रुतिल्या, दोरी गुंडाळ."

वेन्सेसच्या हातातलं टोक कधीच खाली पडलं होतं.

"गुंडाळतो," रुतिलो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "पर मास्तर, मार्चात पत्र धाडलंतं. तुमचं उत्तर न्हाई. म्होरल्या सभंला कागद काय दावू?"

"टपालानं येईल."

"आवो, धा घरं हाईत. हातात द्या."

"तुझं पत्र टपालानं आलं होतं," आबुंदियो म्हणाला.

ते गेल्यावर त्यानं दोन कोवळी कणसं मोडून उकळायला टाकली आणि चुलीपाशी उभ्या उभ्याच कागद घेतला. नऊच्या नऊ मसुदे त्यानं क्रिस्पिनाला वाचून दाखवले होते, त्यामुळे ती खाटेवरून म्हणाली, "अल्पमती लिवू नगंस."

"नाही लिहिली."

"मग वाच."

"'परडं कसलं जात आहे. उत्तराला उशीर झाला, कारण मी कामात होतो.'"

"आनि?"

"एवढंच."

क्रिस्पिनानं कणसाला दात लावले. "बरं लिवलंयस," ती म्हणाली. आबुंदियोला आठवत होतं तेव्हापासून तिनं असं कधी म्हटलं नव्हतं.

टपालाची पेटी चौकातल्या दुकानाच्या भिंतीला होती, कचेरीच्याही पुढं. पाकिटावर मातीनं काळ्या झालेल्या अंगठ्याचा ठसा उमटला होता, तो त्यानं पुसला नाही. कचेरीच्या पायरीवर रुतिलो बसला होता. पाकीट पाहून त्यानं हात पुढे केला.

आबुंदियोनं टोपीला हात लावून त्याला नमस्कार केला, तसाच पुढे चौकापर्यंत चालत गेला, पत्र पेटीत टाकलं, आणि ते तळाशी पडल्याचा आवाज येईपर्यंत तिथंच उभा राहिला.