व्यसनाचा रकाना कोरा

मला कुणाला समजावता येत नाही. त्यासाठी आमच्या व्यसनमुक्ती केंद्रात तीन समुपदेशक आहेत, त्यांना त्याचा पगार मिळतो. मी दाराशी टेबल टाकून बसते. दाखल होणाऱ्याचा मोबाईल, किल्ल्या, पट्टा पाकिटात घालून वर नंबर टाकते आणि समुपदेशकांनी हाताने भरलेले अर्ज संगणकावर उतरवते. सगळे मला मावशी म्हणतात. कुणी ठरवलं माहीत नाही, मला तरी विचारलं नव्हतं.

तिघांत ताई सगळ्यात जुनी, अकरा वर्षं इथेच. दगडाला पाझर फोडेल अशी. दीड वर्षापूर्वी तिच्याकडे उपचार घेतलेला एक रंगारी, दोन वर्षं थेंबालाही न शिवलेला, एका संध्याकाळी तिला फोन लावत होता. ताई लेकीच्या शाळेतल्या कार्यक्रमात होती, फोन पिशवीत. तो त्या दिवशी प्यायला. पुढे तो सावरला, शिडीवरही चढायला लागला. ताई मात्र सावरली नाही. तेव्हापासून फोन तिच्या हाताला चिकटला तो चिकटलाच. रात्रीसुद्धा उशाशी. डबा उघडायची, फोन वाजायचा, डबा बंद. मी बोलले की म्हणायची, एवढा महिना जाऊ दे मावशी. असे किती महिने गेले, मोजणं मी सोडून दिलं.

गेल्या शुक्रवारी तिच्या टेबलावर रजिस्टर ठेवायला गेले, तर वरच राजीनामा. खाली सोमवारची तारीख. दुसऱ्याचे कागद वाचू नयेत हे मला कळतं, पण माझा जन्मच दुसऱ्याचे कागद वाचण्यात गेलाय. आधी राग आला, मग रडू. ही पोरगी गेली तर मी सकाळी कुणावर डाफरणार?

त्याच दुपारी तिने एका नव्या शिंप्याचा अर्ज माझ्याकडे दिला. मी उतरवायला घेतला. झोप : तीन तास, मध्येमध्ये दचकून जाग. जेवण : उभ्याने, अर्धवट. घरच्यांशी निवांत बोलणं : आठवत नाही. सोडायचा प्रयत्न : दोनदा. परत का धरलं : माझ्याशिवाय कोण बघणार? व्यसन कशाचं, हा रकाना कोरा.

रकाना कोरा चालत नाही, म्हणून शिंप्याकडे गेले. तो म्हणाला, "मावशी, घेतली की मी दहा तास घोरतो. आणि दोनदा कुठं? मी कधी सोडायचा प्रयत्नच केला नाही." खोटं बोलणारा वाटला नाही.

मी जागेवर येऊन अर्ज पुन्हा वाचला. शिंपी बोलत राहिला होता आणि ताईच्या हाताने भलत्याच माणसाची उत्तरं लिहिली होती. मी शिंप्याचा अर्ज दुसऱ्या समुपदेशकाकडून नव्याने भरून घेतला आणि हा तसाच टाईप केला. नंबर दिला एकशे बारा.

सोमवारच्या बैठकीत आमच्याकडे नवे अर्ज नाव न सांगता वाचतात, म्हणजे माणूस बघून कुणी मत बनवत नाही. डॉक्टर, तिघे समुपदेशक आणि लिहून घ्यायला मी. पहिलं मत नेहमी ताईचं. एकशे बारा तिनेच वाचला. दोन्ही हातांत कागद धरून, अगदी मायेने.

"याला रागवू नका," ती म्हणाली. "हा दुसऱ्यासाठी मरायला निघालाय. आठ दिवस पूर्ण आराम. फोन आधी काढून घ्या. घरच्यांना बोलवा. आणि याला एकट्याने सोड म्हणून सांगू नका, एकट्याने कुणालाच जमत नाही."

डॉक्टरांनी विचारलं, व्यसन कशाचं? रकाना कोरा आहे, ती म्हणाली. मी तिच्यापुढे तिच्याच अक्षरातला मूळ अर्ज ठेवला.

ती एकेक ओळीवर बोट फिरवत गेली. मला वाटलं, आता ही उठून जाते आणि माझ्याशी जन्मात बोलत नाही.

मग ती हसली, आणि हसता हसता रडली. डॉक्टर म्हणाले, इलाज ठरलाय, आता त्यात बदल नाही. तिचे फोन पाळीपाळीने आम्ही घ्यायचे ठरले, आणि ती परतल्यावरही पाळीच राहणार.

जाताना ती माझ्या टेबलाशी थांबली आणि फोन ठेवला. मी पाकिटावर एकशे बारा लिहिलं. तिने पर्समधून राजीनामा काढला. "हाही जमा करून घे."

आठ दिवसांनी ती आली ती भांग नीट पाडून, डबा घेऊन. पाकीट मागितलं नाही, आधी रंगाऱ्याबद्दल विचारलं. फोन आला होता का?

"आला होता," मी म्हटलं. "माझीच पाळी होती. ताई सुट्टीवर आहे म्हटलं, तर म्हणाला, बरं झालं. मी ठीक आहे, तिला उठवू नका."

ती माझ्यासमोरच्या बाकावर बसली आणि डबा उघडला. पाकिटातला फोन दोनदा वाजला. पाळी माझी नव्हती, तिचीही नव्हती; ज्याची होती त्याने येऊन उचलला. तिने सगळा डबा संपवला.

राजीनामा अजून माझ्या कपाटात आहे. तिने मागितला नाही, आणि मागितला तरी मी देणार नाही.