ज्यांना धागा मिळाला नाही

काळाचौकीच्या गोमती चाळीच्या पटांगणात तेरा तारखेच्या गुरुवारी ऐंशी माणसं जांभया देत बसली होती. सहा-सात महिने चाळीत कुणाला धड झोप नव्हती. कुणी म्हणे पित्त, कुणी म्हणे वय, कुणी म्हणे सुनेचा मोबाईल. आणि आज साक्षात निद्रानंद स्वामी येणार होते. ते मनगटाला काळा धागा बांधतात आणि माणूस त्याच रात्रीपासून घोरायला लागतो, अशी त्यांची ख्याती.

बंदोबस्त मंडळाचे सेक्रेटरी दगडू परब यांच्याकडे होता. बावीस गणेशोत्सव त्यांनी रांगा लावण्यात घालवलेले. स्वामी एका बैठकीत चाळीसच धागे बांधतात म्हटल्यावर चाळीत भांडणं जुंपणार हे त्यांनी ओळखलं. त्यांनी ऐंशी नावांच्या चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात टाकल्या आणि डोळे मिटून चाळीस उचलल्या. उरलेल्यांना पुढचा गुरुवार. वशिला नाही, काही नाही.

स्वामी आले. "बाळांनो, तुमच्या मस्तकात पृथ्वीची कंपनं साचलीत. हा धागा ती शोषून घेतो. क्वांटम आहे हे! परदेशात आत्ता कळतंय, आमच्या गुरूंना गुहेत कळलं."

"धुतला तर चालेल?" मागून कुणीतरी विचारलं.

"चालेल. साबण नको. आणि एक पथ्य: धागा आणि गोळी एका अंगात नांदत नाहीत. डॉक्टरच्या गोळ्या बंद!"

दगडूंच्या बायकोची, शांताबाईंची, चिठ्ठी निघाली होती. आठ वर्षं त्या बीपीची गोळी घेत होत्या. त्यांनी घरी येऊन गोळ्यांची पट्टी कपाटात ढकलली आणि त्या रात्री खरंच गाढ झोपल्या.

रविवारी त्यांची मुलगी दर्शना आली. ती दादरच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. आईचा चेहरा बघून तिने मशीन लावलं. एकशे अठ्ठ्याहत्तर, खालचा एकशे चार.

"आई, गोळी?"

"माका झोप लागता मां? मग गोळी कित्याक?"

"पप्पा, तुम्ही तरी सांगा! उद्या हात-पाय लुळे पडले म्हणजे?"

दगडू काय सांगणार? धागेवाल्या चाळीसांपैकी छत्तीस जणांनी त्यांना झोप सुधारल्याचं सांगितलं होतं. छत्तीस माणसं काय खोटं बोलतात?

"आणि उरलेले चाळीस?" दर्शनाने विचारलं.

"त्यांना कशाला विचारू? त्यांना कुठे धागा बांधलाय?"

"म्हणूनच विचारायचं. पप्पा, चिठ्ठ्या टाकून तुम्ही काय केलंत माहितेय? भाविक, चिकित्सक, म्हातारे, तरणे, सगळे दोन्हीकडे आपोआप सारखे वाटले गेले. दोन गटांत फरक उरला तो फक्त धाग्याचा. माझ्या विद्यार्थ्यांना हे शिकवता शिकवता वर्ष सरतं."

दगडूंची छाती जरा फुगली. पण पुढच्याच वाक्याला दर्शनाने ती खाली बसवली. ऐंशी जणांना झोपेचा प्रश्न दगडूंनी विचारायचा नाही, असं ती म्हणाली. "कुणाला धागा आहे हे तुम्हाला पाठ. धागेवाल्याला तुम्ही विचाराल, 'एकदाच उठलात ना?' आणि तो बिचारा सभ्यपणे हो म्हणेल." दगडूंना राग आला, कारण ते खरं होतं.

बुधवारी दर्शनाची सहकारी सुमेधा मंडळाच्या कार्यालयात आली. चाळीत ती कुणालाच ओळखत नव्हती. तिच्या हातात ऐंशी नावांची नुसती यादी. प्रत्येकाला फोन करून धाग्याचं नावही न काढता तिने एकच विचारलं: काल रात्री किती वेळा जाग आली? 'बरं वाटतं का' नाही, आकडा. हाच प्रश्न ऐंशी जणांनी आधीच भरलेल्या स्वामींच्या नोंदणी फॉर्मवरही होता, त्यामुळे आधीचा आकडा तयारच होता. दगडूंना बाहेर बाकड्यावर बसवलं होतं, कारण त्यांचा चेहरा बोलतो.

संध्याकाळी दर्शनाही आली, आणि हिशेब दगडूंनीच केला. धागेवाले: आधी चार वेळा, आता सरासरी दीड. बिनधाग्याचे: आधी चार वेळा, आता सरासरी दीड. त्यांनी पुन्हा केला. दीडच.

"म्हणजे स्वामींची शक्ती सगळ्यांनाच पोचली!" दगडू म्हणाले.

"मग आईने धागा सोडून गोळी घेतली तरी पोचेल."

दगडूंनी हिशेबाचा कागद उलटून पाहिला. दर्शनाने विचारलं, "ऐंशीच्या ऐंशी जणांचं त्या आठवड्यात काय बदललं, पप्पा?"

सुमेधा म्हणाली, "दोघं-तिघं म्हणत होते, हल्ली रात्री फार शांत वाटतं."

तिघं चाळीच्या मागे गेले. तिथे टॉवरसाठी भलामोठा खड्डा खणलेला. पत्र्यावर पाटी होती: बेसमेंटमधील पाण्याचा उपसा, रात्री दहा ते सकाळी सहा, बारा तारखेपर्यंत. सात महिने त्या पंपाची घरघर इतकी अंगवळणी पडली होती, की ती चालू असताना कुणाच्या कानावर येईना आणि थांबली तेही कुणाला कळलं नाही.

दगडूंनी घोडपदेवला राहणाऱ्या मित्राला, सीतारामला, फोन लावला. स्वामी त्याआधी त्याच्या चाळीत गेले होते. तिथेही शेजारी असा पंप चालू होता का, एवढंच दगडूंनी विचारलं.

"पंप? स्वामी आले त्याच आठवड्यात बंद झाला की! का रे?"

स्वामींना अंतर्ज्ञान होतं की नाही सांगता येत नाही. पाट्या वाचता मात्र येत होत्या.

गुरुवारी स्वामी आसनावर बसायच्या आत दगडूंनी माईक घेतला. आकडे सांगितले, पाटीचं सांगितलं, घोडपदेवचं सांगितलं. स्वामींनी तातडीने मौन धारण केलं.

"ज्यांना धागा बांधला नाही तेही तेवढेच झोपले," दगडू म्हणाले. "आणि माझी बायको या धाग्यापायी आठवडाभर बीपीची गोळी बंद करून बसलीय. मला भीती वाटते हो. उपाय कुणीही आणू दे, त्याला एवढंच विचारा: ज्यांना दिला नाही, त्यांचं काय झालं?"

"सगळ्यांदेखत माझो बीपी सांगतास?" शांताबाई कडाडल्या. पण उठल्या.

मागून चंपाबाईंचा आवाज आला, "दगडू, माझी शुगरची गोळी पण बंद आहे रे."

"आणखी कुणाची?" दर्शनाने विचारलं.

हळूहळू हात वर झाले. तिने मोजले. अकरा.

दगडूंनी माईक ठेवला आणि त्या सगळ्यांना घेऊन ते तडक नाक्यावरच्या डॉक्टरांकडे निघाले. सगळ्यांत पुढे शांताबाई होत्या.