पुढचं चाक माझं नाही

मी एक सायकल बोलतेय. सगळीच्या सगळी नाही, हे आधीच सांगून टाकते. पुढचं चाक माझं नाही. नंतर कुणी बोट दाखवून विचारलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं, त्यापेक्षा आधी सांगितलेलं बरं.

माझा जन्म थंड मुलखातला. तिथले रस्ते सपाट आणि माणसं उंच. माझी पहिली मालकीण एक आई होती. तिनं माझ्या कॅरिअरवर लहान मुलाची खुर्ची बसवून घेतली. रोज सकाळी पट्टा नीट लागलाय ना, हे ती तीनदा बघायची, आणि कोपऱ्यावर पोचली की उतरून चौथ्यांदा. तिची ती खोड मला लागली. आपला कुठलातरी नट सैल आहे, अशी शंका मला सारखी येते. वाईट हे, की बहुतेकदा ती खरी निघते.

मुलगा मोठा झाला, घरात विजेवर चालणारी सायकल आली, आणि मी वर्षभर तळघरात एका मोडक्या पाळण्याशेजारी उभी राहिले. मग एक दिवस तिनं मला पुसलं, डोळ्यांत पाणी आणलं आणि दान केलं. दान करताना माणसं फार सुंदर दिसतात. जागा रिकामी झाल्यावर तर आणखीच.

पुढचा प्रवास सांगत नाही. आम्ही चारशेजणी एका लोखंडी डब्यात होतो, एकीचं हँडल दुसरीच्या पोटात, एवढं पुरे. समुद्र ओलांडून, ट्रकमध्ये हाडं खिळखिळी करून घेत मी मलावीतल्या चिम्बांगा गावात उतरले, तेव्हा माझ्या गळ्यात एक पाटी होती : 'मातांसाठी'.

गावानं गाणी म्हटली, नाच केला. गावची प्रमुख एक म्हातारी. सगळे तिला अगोगो म्हणतात, म्हणजे आजी. तिनं माझ्या हँडलवर हात ठेवला आणि म्हणाली, "चांगली आहे. थोडी लठ्ठ आहे."

मला चालवून बघायचा मान गावचे चिटणीस बाम्बो फासोनी यांनी स्वतःकडे घेतला. बाम्बो म्हणजे राव. गावात खिशाला पेन लावणारे ते एकटेच. आता, माझा ब्रेक हातात नाही, पायात आहे. पायडल मागं फिरवलं की मी जागच्या जागी थांबते. हे पाटीवर लिहायचं कुणाला सुचलं नव्हतं. फासोनींना उतारावर पायडल उलटं फिरवत रुबाबात जायची सवय. त्यांनी फिरवलं. मी थांबले. ते गेले.

"फासोनी, सायकलीला तू पसंत नाहीस रे!" बायका ओरडल्या. फासोनींनी अंगावरची वाळू झटकली आणि तिथेच जाहीर केलं, की ही वस्तू धोक्याची आहे, तिच्यासाठी समिती हवी.

समिती झाली. अगोगो, फासोनी आणि चर्चच्या गाणाऱ्या बायकांची पुढारी ना चिसाले; 'ना' म्हणजे इकडे 'बाई'. सायकल सगळ्यांची, यावर तिघांचं एकमत होतं, आणि तिथेच घोडं अडलं.

"सगळ्यांची म्हणजे जो आधी उठेल त्याची," अगोगो म्हणाल्या. "मी काय आज जन्मले?"

"शिवाय वर्षभरात पाहुणे येणार बघायला," फासोनी म्हणाले. "ती नवीच दिसली पाहिजे. झिजलेली सायकल दाखवली तर पुढची कोण देईल?"

म्हणून माझी सीट अगोगोंकडे गेली, पुढचं चाक फासोनींकडे आणि दोन्ही पायडलं ना चिसालेकडे. कुणा आईला गरज पडली तर तिघांना भेटायचं, तिघांची संमती घ्यायची, तिघांकडून मला गोळा करायचं. कुणी एकट्यानं मला वापरू नये म्हणून ही व्यवस्था. ती इतकी चोख होती, की दुकट्यानं-तिकट्यानंही मला कुणी वापरलं नाही. अगोगोंच्या मक्याच्या कणगीशेजारी विटांवर उभी राहून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली, मी अगदी नवी दिसत होते. थोडं खरं सांगायचं तर मला ते आवडत होतं. झिजायला कुणाला आवडतं?

एकटी तियामिके मला रोज भेटायची. शेजारच्या घरातली, बावीस-तेवीसची, दहावीपर्यंत शिकलेली. गावातल्या लहान मुलांना ताप-खोकला आला की ती बघायची, गोळ्या द्यायची, आणि गोळ्या संपल्या की अकरा किलोमीटरवरच्या दवाखान्यात आयांना पाठवायची. पायी. नवरा दूरच्या साखर कारखान्यात होता. तिला एक मुलगी, यांखो, नऊ महिन्यांची. इतरांच्या मुलांसमोर तियामिके शांत असे. स्वतःच्या मुलीनं शिंक दिली की हिचे हातपाय गळत.

दोनदा तिनं माझ्यासाठी समिती बोलावली होती. पहिल्यांदा यांखोला दात येत होते. दुसऱ्यांदा तिनं कच्च्या आंब्याची फोड चोखली होती. तिघं जमले, आपापले भाग घेऊन आले, आणि तोवर मुलगी खिदळायला लागलेली.

"तियामिके, ताप पोरीला नाही गं, तुला आहे," ना चिसाले म्हणाली, आणि गावानं ते वाक्य जपून ठेवलं. माझ्यापेक्षा जपून.

मग तो दिवस आला. शेजारच्या गावात मयत होती. मयतीला न जाणं म्हणजे आपल्या मयतीला कुणी येऊ नये अशी सोय करणं. सकाळीच गाव ओस पडलं. भाड्यानं माणसं नेणारे सायकलवालेसुद्धा म्हाताऱ्यांना मागे बसवून तिकडेच गेले. मागे राहिल्या पाय सुजलेल्या अगोगो, आणि तियामिके. यांखो खोकत होती.

मी माझ्या प्लॅस्टिकमधून बघत होते. तियामिके दारात घड्याळ घेऊन बसली. एवढ्या बाळाचा श्वास मिनिटाला पन्नासाच्या वर गेला की दवाखाना गाठायचा, हे तिला पाठ होतं. तिनं मोजले. बासष्ट. स्वतःवर भरवसा नाही म्हणून पुन्हा मोजले. चौसष्ट. घड्याळावर भरवसा नाही म्हणून तिसऱ्यांदा. मग ती उठली, चार पावलं चालली, परत येऊन बसली. मला माहीत होतं ती काय ऐकत होती. 'ताप पोरीला नाही गं.' माझी जुनी मालकीण कोपऱ्यावर उतरायची तेव्हा तिच्याही चेहऱ्यावर हेच असायचं. लोक हसतील याची भीती, आणि हसले नाहीत तर याची त्याहून मोठी.

शेवटी ती अगोगोंच्या ओट्यापाशी गेली. "अगोगो, सीट हवी होती."

"पुन्हा दात?"

"दात नाही, अगोगो. बघा ना."

अगोगोंनी यांखोच्या छातीवरचं कापड वर केलं. श्वासागणिक बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात होता. त्यांनी सुजलेला पाय हळूच उचलला. पायाखाली माझी सीट होती.

"जपूनच ठेवली होती," त्या म्हणाल्या. कुणी विचारलं नव्हतं.

पायडलं शोधायला चर्चच्या झाडापाशी जावं लागलं. अगोगोही लंगडत गेल्या; मला हे सगळं नंतर त्यांच्याच तोंडून कळलं. तिथे ट्रकची जुनी रीम घंटा म्हणून टांगलीय. तिच्याशेजारी दोरीला माझं उजवं पायडल लोंबत होतं. रविवारी गाव प्रार्थनेला येत होतं ते माझ्या पायडलाच्या ठोक्यांवर, आणि मला पत्ता नाही. डावं पायडल ना चिसालेच्या खिडकीत पडदा उडू नये म्हणून ठेवलेलं होतं.

राहिलं चाक. फासोनींचं दार नुसतंच लोटलेलं होतं. आत चाक नव्हतं. भिंतीला टेकून उभं होतं ते त्यांच्याच सायकलीचं पुढचं चाक. जुनं, औट आलेलं, आठाच्या आकड्याकडे झुकलेलं.

अगोगोंनी ते हातानं फिरवून पाहिलं. "म्हणजे हा मयतीला आपल्या चाकावर गेला."

म्हणजे माझा प्रत्येक भाग कामाला लागला होता. रिकामी होते फक्त मी.

"आता कसं?" तियामिकेनं विचारलं. "तिघांची संमती लागते. चाक फासोनींकडे राहायला हवं, असा नियम."

"मग ते त्याच्याकडेच आहे ना?" अगोगो म्हणाल्या. "त्याचं चाक आपल्याकडे येऊ नये, असा नियम कुठे केलाय? उचल."

अगोगोंचा नवरा सायकली दुरुस्त करायचा. तो जाऊन वीस वर्षं झाली, पण त्याचा पाना त्यांनी तांदळाच्या डब्यात ठेवलेला होता. त्या जमिनीवर बसल्या, सुजलेला पाय पसरून. "डावं पायडल उलटं फिरवून बसतं," त्या पुटपुटल्या. "पंधरा वर्षांच्या संसारात त्यानं मला एवढंच समजावून सांगितलं."

"अगोगो, मला नीट येत नाही चालवायला. शाळेत मास्तरांची घेऊन शिकत होते तेव्हा…"

"पडलीस?"

"चारदा."

"मग येतं तुला. थांबायचं असलं की पाय मागं घ्यायचा, फासोनीसारखं. फक्त हँडल सोडायचं नाही."

तियामिकेनं यांखोला पाठीशी घट्ट बांधलं. मागे लहान मुलाची खुर्ची होती, पट्ट्यासकट. तिचा माझ्यावर नाही, स्वतःच्या पाठीवर विश्वास. मी तिच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं.

आम्ही निघालो. पुढचं चाक दारुड्यासारखं झुलत होतं, वाळूत मी दोनदा आडवी होता होता राहिले, पण पहिला डोंगर ओलांडला, ओढा ओलांडला. पाठीवरचा तो घाईघाईचा श्वास मला सीटमधून कळत होता. मी मोजत नव्हते. मला मोजायची भीती वाटत होती.

आणि उतार संपल्यावर समोर प्रेतयात्रा. स्मशानाच्या राईकडे जाणारी माणसं रस्ता आडवा ओलांडत होती. इकडे प्रेतयात्रा दिसली की सायकलवाल्यानं उतरायचं आणि ती जाईपर्यंत मान खाली घालून उभं राहायचं. न उतरणाऱ्याला गाव जन्मभर विसरत नाही. तियामिकेनं पाय मागं घेतला, उतरली, मान खाली घातली. रांग संपता संपेना. तिचं पाऊल पुढे पडेना. दोनदा हसू झालेली बाई तिसऱ्यांदा काय बोलणार?

रांगेच्या कडेनं बाम्बो फासोनी आपली सायकल हातात धरून चालले होते. त्यांनी मला पाहिलं. मी माझं चाक पाहिलं. आपलं माणूस दुसऱ्याच्या संसारात सुखी दिसावं, तसं ते दिसत होतं.

"समितीला न विचारता?" फासोनी सवयीनं कुजबुजले.

पुढे गाणं सांगणारी ना चिसाले वळली. "फासोनी, तुझ्या सायकलीला ते कुठलं चाक रे?"

"तेलपाणी द्यायला लावलं होतं…"

"आणि तियामिके, ती पायडलं? रविवारी घंटा कशानं वाजवू मी, डोक्यानं?" मग तिची नजर पाठीवरच्या मुलीकडे गेली. यांखोच्या नाकपुड्या फुलत होत्या, ओठ करडे पडले होते. ना चिसालेनं तोंडावर हात ठेवला. गाणं तुटलं.

गाणं तुटलं म्हणून शवपेटीमागची बाई थांबली. तिचाच नवरा पेटीत होता. तिनं तियामिकेकडे पाहिलं, मग मुलीकडे.

"वाट द्या तिला," ती म्हणाली. "माझ्या माणसाला आता कुठे उशीर होणार आहे?"

पेटी उचलणारे थांबले. रांग दुभंगली. तियामिके मला ढकलत निघाली तेव्हा मागून तीच बाई ओरडली, "अगं, बसून जा! उतरू नकोस!"

दवाखान्यात सुई टोचली, नाकाला नळी लावली. न्यूमोनिया होता. दवाखान्यातल्या माणसानं विचारलं, "बहुतेक आया अजून एक दिवस वाट बघतात. तुम्ही आजच कशा आलात?"

"मी घाबरट आहे," तियामिके म्हणाली.

"तशाच राहा," तो म्हणाला. चौथ्या दिवशी यांखो माझी घंटी चाटत होती.

गावात समितीची सभा झाली. सायकल जपून ठेवली म्हणूनच वेळेला उपयोगी पडली, असा ठराव फासोनींनी वाचून दाखवला. अगोगोंनी चाक मागितलं, तेव्हा फासोनींनी पेन खिशाला लावलं. "अगोगो, आपणच म्हणालात, नियमानं ते माझ्याकडेच आहे." अगोगोंना स्वतःचा शब्द फिरवता येईना. अशा रीतीनं माझं चाक आजही नियमानं फासोनींकडे आहे.

सीट आणि पायडलं मात्र तियामिके परत द्यायची विसरली, आणि तिला कुणी आठवण केली नाही. ना चिसाले आता घंटा हातोडीनं वाजवते. अगोगोंनी पान्यानं माझ्या मागची खुर्ची काढून टाकली, म्हणजे कॅरिअरवर बाळ घेतलेली आई बसू शकेल. त्या खुर्चीत त्यांची कोंबडी अंड्यांवर बसते. पाटीवर 'मातांसाठी' लिहिलंय, तेव्हा तिचंही चूक नाही.

मग पाहुणे आले. आगाऊ निरोप होता, झाडून तयारी होती, पण त्याच सकाळी कुणाचं तरी मूल फणफणलं आणि तियामिके मला घेऊन निघाली. पाहुण्यांना सायकल तर दाखवायला हवी. फासोनींनी आपली सायकल पुसली, तिला माझी पाटी बांधली, मधोमध उभी केली. फोटो निघाला.

तेव्हा तुमच्या गावात कुठल्या दिवाणखान्यात तो फोटो टांगलेला दिसला, तर फसू नका. ती मी नाही. त्यात पुढचं चाक तेवढं माझं आहे. फोटो निघत होता तेव्हा मी ओढ्यापलीकडच्या चढावर होते, मागे एक घाबरलेली आई, पुढे दुसरी. माझा रंग गेलाय, सीट फाटलीय, नट तर विचारूच नका. काही पाठवायचंच असेल तर व्हॉल्व्ह-ट्यूब पाठवा. बघायला मात्र कुणाला पाठवू नका. मला परत पुसून ठेवतील.