भिंतीवरचं मोठं विमान

मी भिंतीवर चिकटवलेलं कॉकपिट बोलतोय. हसू नका. खरं कॉकपिट विमानात असतं, मी शिंप्याच्या दुकानामागच्या खोलीत असतो. तीन मोठे कागद, कडेनं चिकटपट्टी आणि अंगभर छापलेली बटणं. एकही दाबलं जात नाही.

माझा जन्म एका येडपट पैजेतून झाला. विमान शिकायच्या शाळेतला शेवटचा दिवस. परवाने मिळालेले, सगळी मंडळी हवेतच. त्यात एक पोपट. कुणाचाही आवाज हुबेहूब काढायचा, म्हणून पोपट. तो वसतिगृहातल्या खाटेवर चढून ओरडला, "आपल्यातलं जे कुणी त्या एकोणीस सिटांच्या डबड्यात नोकरी धरेल, त्यानं शेपूट लावून भर बाजारातून पळायचं! आहे हिंमत?"

शहाण्यांनी छताकडं बघितलं. आमची बाई मात्र ताडकन उठली. "लागली पैज! मी बसेन तर मोठ्याच विमानात."

आणि त्याच संध्याकाळी मला छापून आणलं. मोठ्या विमानाचं कॉकपिट, अगदी खऱ्या मापाचं.

आमची बाई म्हणजे शिंप्याची एकुलती एक लेक. कुठलं बटण कधी दाबायचं ते हाताला पाठ व्हावं, म्हणून नवे वैमानिक असा कागद लावून सराव करतात. ती प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसायची, पायाखाली पेडल म्हणून पातेल्यांची दोन झाकणं, हातात सुकाणू म्हणून कपड्यांचा हँगर. शेजारच्या स्टुलावर, म्हणजे दुसऱ्या वैमानिकाच्या जागी, इस्त्री केलेल्या कपड्यांचा गठ्ठा.

"चाकं वर!" ती हुकूम सोडायची. गठ्ठा ढिम्म. खरा माणूस असता तर निदान जांभई तरी दिली असती.

बाबांचं तर विचारूच नका. लेकीच्या शिक्षणासाठी त्यांनी तीनपैकी दोन मशिनी विकल्या, आणि उरलेल्या एकीवर तिचा गणवेश शिवून दुकानाच्या काचेत टांगला. नवशिक्याच्या खांद्यावर दोन पट्ट्या असतात, कॅप्टनच्या चार. बाबांनी सरळ चार शिवल्या.

"अहो बाबा, चार?"

"कापड उरलं होतं," म्हणाले.

आल्यागेल्या गिऱ्हाइकाला तो गणवेश दाखवायचे. "मोठी कंपनी बोलावणारच आहे." गिऱ्हाईक मान डोलवायचं आणि पँट कधी मिळेल ते विचारायचं.

मोठ्या कंपनीनं काही बोलावलं नाही. पहिलं वर्ष गेलं. दुसरंही गेलं. काचेतला गणवेश उन्हानं एका बाजूनं पिवळा पडला आणि मी इस्त्रीच्या वाफेनं फुगलो. बाई खुर्चीत बसायची, पण हुकूम सोडायची नाही. नुसती बघत राहायची माझ्याकडं. कागदालासुद्धा अवघडल्यासारखं होतं हो असं कुणी बघितलं की.

मग एका दुपारी पोपट उगवला, बगलेत कापड घेऊन. "काका, गणवेश शिवायचाय. दोन पट्ट्यांचा. आणि उरलेल्यात एक शेपूट."

बाबांनी गळ्यातली टेप काढली. "लांबी?"

"पळताना पायात येणार नाही एवढी."

आमची बाई आतून धावत आली. "तू? डबड्यात? लाज नाही वाटत?"

"वाटते ना! सामान आम्हीच चढवतो. माणसांना काट्यावर उभं करून वजनाप्रमाणं पुढंमागं बसवतो. परवा एक मावशी काट्यावर चढेचना. म्हणाल्या, नवऱ्यालाही सांगितलं नाही, तुला सांगू? विमान खोळंबलं. पण ऐक, दिवसातून सहा वेळा उतरतो मी. खऱ्या जमिनीवर. तू?"

"मी पण उतरते. खुर्चीवरून."

दोघं खो खो हसले. मग ती एकदम थांबली.

"शेपूट एक दिवस लावायचंय मला," पोपट हळू आवाजात म्हणाला. "तू दोन वर्षं भिंतीवर उडतेयस. आमच्या साहेबांना तुझं नाव दिलंय. माझा मोबाइल हरवला होता, म्हणून काकांनी शिवलेल्या पँटची कंबर उलटी करून लेबलावरचा दुकानाचा नंबर वाचून दाखवला. फोन येईल."

तो गेल्यावर ती माझ्यासमोर बसली आणि मोठमोठ्यानं तोलायला लागली. पगार तुटपुंजा. गाव आडबाजूला. दोन वर्षं बांधून घेतात, आणि नेमकं त्यातच मोठ्या कंपनीनं बोलावलं तर? वर पैज हरल्याचं शेपूट. पण दुसऱ्या पारड्यात काय, तर खरी चाकं, खरा वारा आणि शेजारी गठ्ठ्याऐवजी बोलणारा माणूस. "इथं बसून हात गंजले," ती म्हणाली. "आणखी वर्षभरानं मला कोण विमानाला हात लावू देणार?" आणि तिनं माझा एक कोपरा सोडवला. खरं सांगतो, बरं वाटलं. चालली एकदाची!

फोन आला. पण ती बाजारात दोरे आणायला गेली होती.

मधे नुसती फळ्यांची भिंत, फटींतून मला सगळं दिसतं नि ऐकू येतं. समोर एक गिऱ्हाईक हात पसरून माप देत होतं आणि बाबा नेहमीचं पुराण सांगत होते. तेवढ्यात फोन वाजला. बाबांनी पलीकडचं ऐकून घेतलं. मग गिऱ्हाइकाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "मी तिचे वडील बोलतोय. लहान विमान? छे हो, तिला मोठ्या कंपनीत नोकरी मिळालीय." आणि फोन ठेवला.

माझ्या अंगावर इतकी बटणं, दिवे, धोक्याच्या घंटा. एक वाजवता आली नाही.

ती वाट बघत राहिली. "बाबा, फोन?" रोज विचारायची. "नाही गं," बाबा मशिनीकडं बघून म्हणायचे. शेवटी तिनं स्वतःच फोन लावला. पलीकडून सांगितलं, तुमच्या वडिलांनी नकार कळवला, जागा भरली, आता इतक्यात भरती नाही.

वडिलांनी? ती बाबांकडं गेली. बाबा म्हणाले, "मी कशाला कळवू?" झालं. वसतिगृहात बाबांचा आवाज काढून सुट्टी कुणी मिळवून दिली होती? पोपटानं.

"तुला शेपूट लागलं म्हणून बाबांच्या आवाजात माझा गळा कापलास!" ती फोनवर किंचाळली. तो शपथा घेत होता. तिनं ऐकून घेतलंच नाही.

आता ती खुर्चीवर बसते ते काजं करायला आणि बटणं लावायला. निदान ती बटणं लागतात तरी. कापडाचे तागे माझ्या अंगाला टेकवलेत, त्यामागं एका इंजिनाचे काटे दिसेनासे झालेत. कुणी ऐकत असाल तर एवढंच करा, मला फाडून काढा. फुटलेल्या काचा गुंडाळा माझ्यात. पण या पोरीच्या डोळ्यांसमोरून हलवा मला.

आज पोपट आला होता. ती बाहेर गेलीच नाही. "काका, तुम्ही तरी सांगा ना तिला," तो दारातून म्हणाला. "शेपूट लावून पळालो तेव्हा एवढी लाज नाही वाटली हो." बाबांनी मशीन चालू केली. तो गेला.

मग बाबांनी काचेतला गणवेश काढला आणि आत आले. स्टुलावरचा गठ्ठा खाली ठेवला आणि तिच्या शेजारी बसले. त्या जागेवर माणूस मी पहिल्यांदाच बघितला. ब्लेडनं चौथी पट्टी उसवायला लागले. मग तिसरी. त्यात कापड फाटलं.

"काय करताय, बाबा?"

"पोपट नव्हता गं तो," बाबा म्हणाले. "मी होतो."