चार हजारांश इंच

लाकडी दांडीवर लायलने हातोडीचा हलका ठोका दिला आणि मऊ शिशाचा गोळा आर्डिसच्या रिव्हॉल्व्हरच्या नळीतून, नळीचं माप घेऊन, त्याच्या तळहातावर पडला. त्याने तो मायक्रोमीटरमध्ये धरला. पुसून पुन्हा धरला. मग चष्मा पुसला. आकडा त्याला पसंत नव्हता, एवढं मला कळलं.

मोजायचा हट्ट माझाच. आर्डिसला जाऊन आठ महिने झाले होते, तिचं रिव्हॉल्व्हर मला माझ्या मुलीसाठी हवं होतं, आणि न मोजता मी लग्नाची अंगठीसुद्धा घेतली नव्हती. लायलने आधी थट्टा केली, ‘माझ्या बायकोच्या वस्तूवर संशय घेतोस?’ म्हणून, आणि मग हसतच मोजायला बसला होता.

इंचाचे हजार भाग धरले, तर तिच्या रिव्हॉल्व्हरला चारशे छप्पन्न भागांची गोळी हवी होती. त्यांच्या शेडमधल्या गोळ्यांच्या यंत्रात डाय, म्हणजे गोळी मापात आणणारं पोलादी कडं, होती चारशे बावन्नची. लायलच्या स्वतःच्या हत्याराच्या मापाची.

साच्यातून गोळी जाड निघते. यंत्राचा दांडा ओढला की ती डायमधून दाबली जाते, मापात येते आणि तिच्या खाचांत मेणाचं वंगण भरतं. मोंटानातले बावीस हिवाळे हे काम आर्डिसने केलं. मेणही तिच्याच मधमाश्यांचं. डाय मात्र लायलने बसवलेली. एका घरात दोन डाय कशाला, हा त्याचा हिशोब. म्हणजे ती बाई निगुतीने, आपल्याच हातांनी, आपल्याच गोळ्या बारीक करत होती. बारीक गोळी नळीत सैल पडते आणि डुलत कुठेही जाते.

आमच्या नेमबाजी क्लबचे गुण मी मांडतो, म्हणून नेमकं सांगू शकतो. बावीस स्पर्धांत आर्डिस एकोणीस वेळा शेवटची आली. उरलेल्या तीन वेळा शेवटचा मी. बार उडायच्या आधीच तुझा हात दचकतो, असं लायल तिला दरवर्षी सांगायचा. आम्हीही सांगायचो. ती रोज संध्याकाळी रिकामं रिव्हॉल्व्हर घेऊन, नळीवर नाणं ठेवून, ते न पाडता चाप ओढायचा सराव करायची. नाणं कधी पडत नसे. त्याचा अर्थ काय, हे मात्र आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही.

त्या दिवशी रिव्हॉल्व्हर विकायचं राहिलं. पुढचे दहा दिवस लायल कॉफीला आला नाही, तेव्हा मीच गेलो. तो शेडमध्ये यंत्रासमोर बसला होता. घरात असलो की दांड्याचा आवाज येतो, म्हणाला. खाली, वर, खाली, वर. येऊन पाहावं तर यंत्र थंड.

"एकटा राहतोस. कान वाजत असतील," मी म्हणालो.

"तिने मला एकदा विचारलं होतं, मर्ल."

"काय?"

"हाच दांडा ओढता ओढता. ‘लायल, गोळीच तर बारीक नसेल ना?’ म्हणून."

"मग?"

"मग काय. म्हटलं, तू हातावर लक्ष दे."

मी कॉफी ओतली. दोघांचीही थंड झाली.

चारशे छप्पन्नची नवी डाय टपालाने आली. आर्डिसच्या मेणाची एकच कांडी उरली होती. तीच घालून त्याने पन्नास गोळ्या काढल्या आणि रविवारी सकाळी तिचं रिव्हॉल्व्हर घेऊन मैदानावर आला. गेल्या वर्षापासून त्याचा उजवा हात कापतो, कप धरला तरी बशी वाजते. मी हात टेकायला वाळूची पिशवी पुढे सरकवली, ती त्याने बाजूला केली.

पाच बार झाले. आम्ही कागदापाशी चालत गेलो. पाचही भोकं एका बशीखाली झाकली गेली असती.

लायलने हात माझ्यासमोर धरला. तो कापतच होता.

"हा असला हात," तो म्हणाला. "तरी."

मग म्हणाला, "तिच्या नावावर लिही."

बावीस वर्षं मी वही राखली आहे. जो बार काढतो, त्याचंच नाव लागतं. मी तसं सांगितलं. सांगताना त्याच्याकडे बघितलं नाही.

"बरोबर आहे तुझं," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

त्याने कागद टाचण्या काढून उतरवला. वारा सुटला होता. घडी करून खिशात टाक, असं मी सुचवलं. पण घडी घातली तर भोकं फाटली असती. त्याने तो दोन्ही तळव्यांवर आडवा धरला, वाऱ्याकडे पाठ केली आणि तसाच, उलट्या पावलांनी, गाडीकडे निघाला.